आधी अंदाज, मग प्रयोग : गती, बल आणि ऊर्जा यांचे वर्गपाठ

शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच प्रत्येक मूल गतिशास्त्राचे बरेच शिक्षण घेऊन आलेले असते. विटीला टोला कसा हाणला म्हणजे ती कोठे जाऊन पडेल, गोटीने गोटी टिपताना बोट किती ताणावे, झोका उंच न्यावयाचा तर पाय नेमके केव्हा लांब करावेत, या गोष्टी त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेल्या नसतात. मूलद्रव्ये किंवा पेशी यांच्याविषयी मुलाचे मन बहुतांशी कोरे असते. गतीविषयी ते कोरे नसते. आणि या विषयाच्या अध्यापनातील खरी अडचण नेमकी येथेच आहे.

कोणत्याही प्रांतातील, कोणतीही भाषा बोलणाऱ्या मुलाला विचारावे की, जमिनीवरून घरंगळत गेलेली गोटी अखेर का थांबते. उत्तर बहुधा एकच येते : तिच्यातला जोर संपला. हे उत्तर अडाणीपणाचे आहे असे मात्र कोणी समजू नये. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातील फिलोपोनस या पंडिताने जवळजवळ हेच प्रतिपादन केले होते की, फेकणारा हात वस्तूत काही एक जोर ओततो आणि तो जोर हळूहळू आटत जातो. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने त्यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. हा जोर आपोआप आटत नाही, विरोध झाला तरच आटतो, असे तो म्हणाला. म्हणजे ज्या कल्पनेतून बाहेर पडावयास विद्वानांना हजार वर्षांहून अधिक काळ लागला, तीच कल्पना घेऊन मूल वर्गात येऊन बसते, आणि चाळीस मिनिटांच्या एका तासिकेत त्याने ती टाकून द्यावी अशी आपली अपेक्षा असते.

मूल ती टाकून देत नाही. ते दोन कप्पे करते. ‘बाह्य बल लावले नाही तर गतिमान वस्तू एकसमान गतीने सरळ रेषेत जात राहते’ हे वाक्य परीक्षेच्या कप्प्यात जाते, आणि ‘जोर संपला की वस्तू थांबते’ हा समज खेळाच्या मैदानासाठी शिल्लक राहतो. हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात हलौन आणि हेस्टेनिस या दोन अभ्यासकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे एक संपूर्ण सत्र शिकल्यानंतरही विद्यार्थ्यांचे गतीविषयीचे मूळचे समज फारसे बदललेले नव्हते. १९९२ साली हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच हेतूने साध्या प्रश्नांची एक कसोटी तयार केली. तिच्यात आकडेमोड नाही. दैनंदिन प्रसंगांतील बलांविषयी प्रश्न आहेत. ती पुढे अनेक देशांत वापरली गेली, आणि अवघड गणिते बिनचूक सोडविणारे विद्यार्थीही तिच्यात अडखळताना दिसले.

तेव्हा प्रश्न उपकरणांचा कमी आणि क्रमाचा अधिक आहे. शिक्षकाने टेबलावर प्रयोग करून दाखवावा, मुलांनी पाहावे आणि निष्कर्ष लिहून घ्यावा, एवढ्याने दोन कप्प्यांमधील भिंत पडत नाही. प्रयोगापूर्वी प्रत्येक मुलाने काय घडेल याचा अंदाज कागदावर लिहिला पाहिजे, आणि तोही कारणासह. लिहिलेला अंदाज चुकला म्हणजे तो मागे घेता येत नाही. त्याच्याशी सामना करावा लागतो. पुढे दिलेले सर्व प्रयोग या क्रमाने करावेत असे गृहीत धरले आहे.

जोर संपला म्हणजे काय झाले?

आरंभ कॅरमपासून करणे सोयीचे. हा खेळ देशाच्या सर्व भागांत खेळला जातो, आणि फळीवर पावडर कशासाठी टाकतात हे मुलांना ठाऊक असते. मात्र त्या ज्ञानाचा उपयोग आजवर कोणी त्यांच्याकडून करून घेतलेला नसतो.

लाकडाच्या एका ठोकळ्यावर चार बोटांच्या अंतराने दोन खिळे मारून त्यांना रबरबँड अडकवावा. त्यास टेकवून स्ट्रायकर ठेवावा, रबर नेमके ३ सेंटिमीटर मागे ओढावे आणि सोडावे. प्रत्येक वेळी ताण तितकाच असल्याने, मुलांच्याच भाषेत बोलावयाचे तर, स्ट्रायकरला प्रत्येक वेळी ‘जोर’ तितकाच मिळतो. हे त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्यावे, कारण सर्व भिस्त या कबुलीवर आहे. आता हाच स्ट्रायकर प्रथम खडबडीत सिमेंटच्या ओट्यावर, मग गुळगुळीत फरशीवर, आणि शेवटी त्याच फरशीवर शंखजिऱ्याची पावडर भुरभुरवून सोडावा. प्रत्येक ठिकाणी पाच वेळा अंतर मोजून सरासरी काढावी. (तास संपताच पावडर ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, अन्यथा जडत्वाचा पुढचा प्रयोग मुख्याध्यापकांवर होण्याचा संभव आहे.)

अंतरे वाढत जातात. जोर तितकाच असूनही तो सिमेंटवर लवकर ‘संपतो’ आणि पावडरीवर उशिरा, असे का व्हावे? येथे घाई करून उत्तर देऊ नये. थोड्या वेळाने वर्गातील कोणी तरी म्हणतोच की, जोर आपणहून संपत नाही, जमीन तो खाते. बुरिदानने केलेली दुरुस्ती ती हीच. मग शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा : जमिनीने काहीच खाल्ले नाही तर? हा प्रश्न प्रयोगाने सुटणारा नाही, कारण घर्षण अजिबात नाही अशी फरशी कोणत्याही शाळेत मिळत नाही. तो विचारानेच सोडवावा लागतो, आणि गॅलिलिओनेही तो विचारानेच सोडविला. परंतु वाढत जाणाऱ्या तीन अंतरांच्या खांद्यावर उभे राहून केलेला विचार आणि फळ्यावरून उतरवून घेतलेला नियम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

कॅरमची फळी समोर आहे तोवर आणखी एक गंमत करून घ्यावी. आठ-दहा सोंगट्यांची चवड रचावी आणि स्ट्रायकर वेगाने तळच्या सोंगटीवर मारावा. तळची सोंगटी निसटते आणि उरलेली चवड जागच्या जागी खाली बसते. मुले हे पुन्हा पुन्हा करून पाहतात, करू द्यावे.

याच विचाराची दुसरी बाजू मैदानावर दिसते. जमिनीवर एक बादली ठेवावी. मुलाने हातात वाळूची छोटी पिशवी घेऊन सरळ रेषेत धावत यावे आणि न थांबता, न फेकता, केवळ हात उघडून पिशवी बादलीत पाडावी. पिशवी कोठे असताना सोडावी लागेल, याचा अंदाज आधी खडूच्या रेघेने जमिनीवर नोंदवावा. बहुतेक मुले बादलीच्या नेमकी वर पिशवी सोडतात, आणि ती बादलीच्या पलीकडे जाऊन पडते. धावणाऱ्याचा वेग सेकंदाला ४ मीटर आणि हाताची उंची १ मीटर धरली, तर खाली येण्यास पिशवीला सुमारे ०.४५ सेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधीत ती सुमारे १.८ मीटर पुढे जाते. हात सोडला म्हणून पुढे जाणे थांबत नाही. पिशवी सरळ खाली पडते असे सांगणारे प्रौढही थोडे नाहीत. मायकेल मॅक्लॉस्की या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली या समजाविषयी सविस्तर लिहिले होते. मुलांना मात्र दोन-तीन फेऱ्यांतच रेघ मागे सरकवावी लागते, आणि रेघ मागे सरकविणाऱ्या पायांना जे समजते ते विसरणे कठीण असते.

उतरती फळी आणि घुंगरू

वरून पडणाऱ्या वस्तूचा वेग कसा वाढतो, हे डोळ्यांनी पाहणे अशक्यप्राय आहे. सारे घडून जाते ते अर्ध्या-पाऊण सेकंदात. गॅलिलिओने यावर काढलेली तोड विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत चतुर युक्त्यांपैकी एक होय : पडणे थोपवून धरावयाचे असेल तर वस्तू सरळ पाडू नये, उतारावरून घरंगळू द्यावी. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दोन नवी शास्त्रे’ या ग्रंथात त्याने आपल्या तुळईचे वर्णन केले आहे. ती बारा हात, म्हणजे सुमारे ७ मीटर लांब होती. तिच्यात बोटाएवढ्या रुंदीची सरळ खाच कोरून आत गुळगुळीत चर्मपत्र चिकटविले होते, आणि त्या खाचेतून काशाची गोळी सोडली जात असे. घड्याळ म्हणून एका मोठ्या भांड्याला बसविलेल्या बारीक नळीतून पडणारे पाणी पेल्यात धरून तो तोलून पाही. हा प्रयोग आपण शंभर वेळा केला असे तो लिहितो.

इतक्या ओबडधोबड साधनांनी इतका अचूक निष्कर्ष निघणे शक्य नाही, गॅलिलिओने हे प्रयोग मनातच केले असावेत, असे विसाव्या शतकात आलेक्सांद्र कोयरे या थोर इतिहासकारास वाटत होते. १९६१ साली टॉमस सेटल याने गॅलिलिओच्या वर्णनाबरहुकूम फळी मांडली, पाण्याच्या घड्याळासाठी फुलझाडाची कुंडी घेतली, आणि निष्कर्ष उत्तम रीतीने मिळतो असे दाखवून दिले. साधनांच्या अभावाची सबब सांगणाऱ्या शाळेने ही कुंडी लक्षात ठेवावी.

वर्गासाठी ७ मीटरची तुळई नको. विजेच्या तारा झाकण्यासाठी भिंतीवर ठोकतात ती प्लॅस्टिकची केसिंग-पट्टी २ मीटर लांबीची घ्यावी, झाकण काढून टाकावे आणि ती मध्ये झोल पडू नये म्हणून एका सरळ लाकडी फळीवर बांधावी. एक टोक ५ सेंटिमीटर उचलले की काचेची गोटी पूर्ण अंतर सुमारे ५ सेकंदांत जाते. आता अंदाज : गोटी खालून चौथ्या हिश्शावर, म्हणजे तळापासून ५० सेंटिमीटर अंतरावर ठेवून सोडली, तर तळाशी येण्यास तिला किती वेळ लागेल? ‘चौथा हिस्सा’ हे उत्तर हमखास येते. उंच स्टुलावर पाण्याने भरलेली रुंद तोंडाची बरणी, तिच्यात सोडलेली आणि तोंडाने ओढून वाहती केलेली बारीक नळी, नळीच्या तोंडावर एका मुलाचे बोट, आणि खाली औषधाचे मापी पेले, एवढी घड्याळाची सिद्धता पुरते. गोटी सुटताच बोट काढावे, गोटी तळाशी आदळताच पुन्हा लावावे. चौथ्या हिश्शाच्या अंतरासाठी जमणारे पाणी चौथा हिस्सा भरत नाही, निम्मे भरते. बरणी रुंद हवी, कारण पाण्याची पातळी फारशी उतरली नाही तरच धार एकसारखी राहते. हे कारणही मुलांनीच शोधावे.

परंतु या फळीचा सर्वांत रमणीय उपयोग डोळ्यांऐवजी कानांसाठी आहे. गॅलिलिओचे वडील व्हिंचेन्झो हे ल्यूट या तंतुवाद्याचे वादक आणि संगीतशास्त्राचे जाणकार होते. गॅलिलिओने तालाच्या आधारे समान कालखंड मोजले असावेत असा तर्क स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाने १९७५ साली मांडला, आणि फळीला रबरी पट्टे अडकवून, गाण्याच्या ठेक्यावर तो स्वतः पडताळून पाहिला. फ्लॉरेन्स येथील गॅलिलिओ संग्रहालयात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची एक उतरती फळी आहे, तिच्यावर लहान घंटा टांगलेल्या आहेत.

घंटांऐवजी आपल्याकडे घुंगरू आहेत. जाड तारेच्या चार छोट्या कमानी करून त्या फळीवर आडव्या बसवाव्यात, आणि प्रत्येकीच्या मधोमध एक घुंगरू असे टांगावे की, गोटीचा त्याला निसटता स्पर्श व्हावा. फळीचे टोक आता १० सेंटिमीटर उचलावे. प्रथम मुलांच्या म्हणण्याप्रमाणे कमानी समान अंतरांवर, वरच्या टोकापासून ४८, ९६, १४४ आणि १९२ सेंटिमीटरवर ठेवाव्यात. घुंगरांचा आवाज अर्थातच दाटत जातो. पहिल्या दोहोंत बराच अवकाश, शेवटच्या दोन जणू एकामागे एक. मग वर्गाला एकच काम द्यावे : टाळीच्या ठेक्याशी घुंगरू जुळेपर्यंत कमानी सरकवीत राहा. गोटी सुटते ती पहिली टाळी. ज्या मुलांना तबल्याची किंवा ढोलकीची संगत ठाऊक आहे, त्यांचे कान येथे घड्याळाहून तीक्ष्ण ठरतात. सेकंदाचा विसावा भाग चुकला तरी त्यांना खटकतो. गणितात मागे पडणारा एखादा मुलगा या तासाला वर्गाचा पुढारी झाला तर आश्चर्य मानू नये.

ठेका जुळला की मोजपट्टी घ्यावी. कमानी साधारणपणे १२, ४८, १०८ आणि १९२ सेंटिमीटरवर आलेल्या असतात. बाराने भागले तर १, ४, ९, १६. लागोपाठच्या कमानींमधील अंतरे काढली तर १, ३, ५, ७ या प्रमाणात. अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हा नियम येथे कोणी सांगितलेला नाही. तो फळीवर तारेच्या कमानींनी लिहिला गेला आहे.

मोजमापाचा प्रामाणिकपणा

कमानी नेमक्या १२ आणि ४८ वर येतीलच असे नाही. १३ येईल, ४६ येईल. अशा वेळी शिक्षक काय करतो, यावर विज्ञानशिक्षणाचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून असते. पुस्तकातील आकडा ठाऊक असलेला शिक्षक कमान हळूच सरकवितो, किंवा ‘१२ लिहा’ असे सांगतो. त्या क्षणी मुलाने एक धडा पक्का घेतलेला असतो, आणि तो गतीविषयी नसतो. आकडा आधी ठरलेला असतो, मोजणे हा एक उपचार असतो, असा तो धडा असतो. गुरुत्वत्वरणाचे ९.८ हे मूल्य आधी लिहून मग उलटी आकडेमोड करून लंबकाची निरीक्षणे ‘तयार’ करण्याची प्रथा आपल्या प्रयोगवह्यांत किती खोलवर रुजली आहे, हे कोणाही माजी विद्यार्थ्यास सांगावयास नको.

लंबकाचेच उदाहरण घ्यावे, कारण चुकीतून किती शिकता येते ते त्यात उत्तम दिसते. एक मीटर दोऱ्याला दगड बांधून टांगला तर एका पूर्ण आंदोलनास सुमारे २ सेकंद लागतात. मुलाने एकच आंदोलन मोजले आणि बटण दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक केली, तर गुरुत्वत्वरणाचे उत्तर ८.२ पासून १२.२ पर्यंत कोठेही येऊ शकते. त्याच मुलाने वीस आंदोलने मोजून वेळेला विसाने भागले, तर चूक तितकीच राहूनही ती वीस आंदोलनांत वाटली जाते आणि उत्तर ९.७ ते ९.९ च्या दरम्यान येते. हात तोच, घड्याळ तेच. आता दुसरा गट दोरा आखूड, २५ सेंटिमीटरचा घेतो आणि त्याचे उत्तर सारखे ९ च्या आसपास येते. कितीही वेळा मोजले तरी तेच. येथे ‘९.८ लिहा’ म्हणण्याऐवजी दोरा कोठपासून कोठपर्यंत मोजला ते विचारावे. बहुधा तो दगडाच्या माथ्यापर्यंत मोजलेला असतो. दगडाच्या मध्यापर्यंतचे दोन सेंटिमीटर सुटलेले असतात. २५ सेंटिमीटरमध्ये २ म्हणजे ८ टक्के, आणि उत्तरही तेवढेच कमी आलेले आहे. मीटरभर दोऱ्यात हीच चूक लपून गेली असती. चुकलेला आकडा पुसला असता तर हे कधीच कळले नसते.

प्रयोगावर आधारलेले असे शिक्षण केवळ उत्तम प्रयोगशाळा असलेल्या शहरी शाळांतच शक्य आहे, हा समज आपल्याच देशात खोटा ठरला आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन स्वयंसेवी संस्थांनी ग्रामीण भागातील १६ माध्यमिक शाळांत एक कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक तेथे खेड्यांतील शिक्षकांसमवेत बसून प्रयोग रचीत. सहावी ते आठवीची मुले चौघाचौघांच्या गटांनी स्वतः प्रयोग करीत. त्यांच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत कृती होत्या, प्रश्न होते. उत्तरे नव्हती, ती ज्याच्या त्याच्या वहीत असत. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडून बसण्याची मुभा होती, आणि परीक्षेचा एक भाग प्रत्यक्ष प्रयोगाचा असे. १९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला, १९८२ साली एकलव्य या संस्थेची स्थापना होऊन तिने तो पुढे चालविला आणि अन्य जिल्ह्यांतही नेला. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. तीस वर्षे सरकारी शाळांत एखादी गोष्ट चालली, यावरून ती चालू शकते एवढे तरी निर्विवाद सिद्ध होते. याच कार्यक्रमात १९७८ साली काम केलेल्या अरविंद गुप्ता या अभियंत्याने आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांसारख्या कवडीमोलाच्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी घडविण्याचा छंद जन्मभर जोपासला, आणि पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रात ती हजारो मुलांच्या हाती दिली.

ओढणारा आणि ओढला जाणारा

न्यूटनचा तिसरा नियम पाठ करावयास सर्वांत सोपा आणि पटावयास सर्वांत कठीण. दोन ताणकाटे एकमेकांच्या आकड्यांत अडकवावेत. एक वर्गातील सर्वांत दणकट मुलाच्या हाती द्यावा, दुसरा सर्वांत किरकोळ मुलीच्या. दोघांनी सावकाश ओढावे. हिसका देऊ नये, काट्याची कमान बिघडते. कोणाचा काटा अधिक दाखवील? हात वर करून मतदान घेतले तर दणकट मुलगा प्रचंड बहुमताने निवडून येतो. काटे मात्र दोन्ही सारखेच आकडे दाखवितात. मुलीने नुसते धरून ठेवले तरी सारखेच. तिच्या जागी खिडकीचा गज आला तरी सारखेच. गज कसा काय ओढतो, यावर वर्गात जो वाद माजतो तो अर्धा तास चालला तरी थांबवू नये.

मग खेड्यातील मुले हटकून एक शंका काढतात, आणि ती शंका अगदी रास्त आहे : बैल गाडीला जितका ओढतो तितकीच गाडी बैलाला मागे ओढीत असेल, तर गाडी चालते कशी? उत्तर गाडी आणि बैल यांच्यामध्ये शोधून सापडत नाही. ते बैलाच्या खुरांखाली असते. बैल जमिनीला मागे रेटतो, जमीन बैलाला पुढे रेटते. याची प्रचीती घेण्यासाठी दणकट मुलाला पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभे करावे आणि मुलीला रबरी तळव्याच्या चपला द्याव्यात. दोरी ओढली की मुलगा घसरत तिच्याकडे येतो. काट्यांचे आकडे या वेळीही सारखेच असतात. चिखलात रुतलेल्या गाडीपाशी बैल का हतबल होतो, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

जोर, ताकद, शक्ती

येथवर ‘जोर’ हा शब्द मुलांच्या तोंडी राहू दिला. आता त्याची फोड करणे भाग आहे. व्यवहारात जोर, बळ, ताकद, शक्ती हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो; जुन्या मराठी ग्रंथांत तर बलाला ‘प्रेरणा’ म्हणत. शास्त्राला मात्र बल, वेग आणि ऊर्जा या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्या वेगळ्या ठेवणे थोरांनाही जमत नव्हते. गतिमान वस्तूचा ‘जोर’ वेगाच्या प्रमाणात मोजावा की वेगाच्या वर्गाच्या, यावर १६८६ साली लाइबनिट्सने छेडलेला वाद युरोपात अनेक दशके गाजला. लायडनच्या ’स खाव्हेसांडे या प्राध्यापकाने पितळी गोळे मऊ मातीत पाडून खळगे मोजले आणि कौल वर्गाच्या बाजूने दिला. फ्रान्समधील एमिली द्यू शातले या विदुषीने १७४० सालच्या आपल्या ग्रंथात त्या मताचा पुरस्कार केला.

हा वाद शाळेच्या टेबलावर एका तासात उभा करता येतो. केसिंग-पट्टीचे एक टोक उचलून दुसरे टोक अलगद वाकवून टेबलाशी सपाट मिळवावे. गोटी ५ सेंटिमीटर उंचीवरून सोडली की ती टेबलाच्या कडेवरून उडून जमिनीवर पडते. तेथे कार्बन-कागद आणि पांढरा कागद अंथरून ठेवल्यास पडल्याची खूण उमटते. टेबल ७५ सेंटिमीटर उंच असल्यास ही खूण कडेपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येते. आता उंची चौपट, २० सेंटिमीटर करावी. खूण दुप्पट अंतरावर, सुमारे ६० सेंटिमीटरवर येते. खाली पडण्यास लागणारा वेळ दोन्ही वेळा तोच असल्याने, दुप्पट अंतर म्हणजे दुप्पट वेग.

त्यानंतर पट्टी टेबलाच्या मध्याकडे सरकवून तिच्या तोंडाशी आगपेटीचे वरचे कव्हर आडवे ठेवावे. त्याची दूरची बाजू कागदाने बंद करावी, म्हणजे गोटी आत शिरून अडकते आणि कव्हर ढकलीत नेते. ते फार दूर जात असेल तर वर एक नाणे चिकटवावे. पुन्हा ५ आणि २० सेंटिमीटर. वेग दुप्पट झाला हे मुलांनी नुकतेच मोजले आहे, तेव्हा आगपेटीही दुप्पट सरकेल असाच त्यांचा अंदाज असतो. ती सुमारे चौपट सरकते. गोटी दोन्ही प्रयोगांत तीच, उंचीही त्याच. मग एका मापाने दुप्पट आणि दुसऱ्याने चौपट, हे कसे? मोजलेल्या दोन गोष्टी मुळात निराळ्या आहेत, एवढे कबूल केल्याशिवाय यातून सुटका नाही. त्यांतील एकीचे नाव वेग, दुसरीचे गतिज ऊर्जा. रस्त्यावर दुप्पट वेगाने जाणारी मोटार, ब्रेक तितक्याच जोराने दाबूनही, ब्रेक लागल्यापासून सुमारे चौपट अंतर जाऊन थांबते, हा आगपेटीचाच नियम होय, आणि सायकल चालवू लागलेल्या वयाला तो माहीत असणे अगत्याचे आहे.

शेवटी उंचीविषयी एक प्रयोग, तोही गॅलिलिओच्याच ग्रंथातला. भिंतीवरील खिळ्याला सुमारे एक मीटरचा लंबक टांगावा आणि मागे भिंतीवर एक आडवी रेघ ओढावी. लंबकाचा गोळा रेघेपर्यंत उचलून सोडला की, पलीकडे तो जवळजवळ त्याच रेघेपर्यंत चढतो. आता वरच्या खिळ्याच्या बरोबर खाली, दोऱ्याच्या वाटेत, दुसरा खिळा ठोकावा. दोरा मध्यावर अडेल आणि गोळा आखूड वर्तुळात वळेल. तो किती वर जाईल? कोणी म्हणेल कमी, कारण अडथळा आला. कोणी म्हणेल जास्त, कारण वळण आखूड झाले. गोळा पुन्हा त्याच रेघेशी येऊन क्षणभर थांबतो. खिळा थोडा वर घ्यावा, थोडा खाली घ्यावा. रेघ सुटत नाही. मग खिळा इतका खाली ठोकावा की, उरलेल्या आखूड दोऱ्याने गोळ्याला रेघेपर्यंत पोहोचताच येऊ नये. या वेळी काय होईल ते आधी लिहून घ्यावे. रेघ गाठता न आल्याने गोळ्यापाशी गती शिल्लक उरते, तो खिळ्याच्या माथ्यावरून पलीकडे जातो, आणि दोरा खिळ्याभोवती गरगर गुंडाळला जातो.